कोपरानं पाणी पाहणारी

"मले काहून विचारता भाऊ? पाण्याले विचारा."

एवढं बोलून ती आपल्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही वर सारायची, बादलीवर वाकायची आणि कोपर पाण्यात बुडवायची. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालण्याआधी बाया पाणी पाहतात ना, तसं. डोळे मिटून क्षणभर थांबायची. मग कोपर पदराला पुसून जो काय निकाल असेल तो सांगायची. कोटाच्या खिशात थर्मामीटर असायचा. तोही ती लावायची, पण मागाहून.

मी एकदा म्हटलं, "बाई, तो थर्मामीटर काय पूजेला ठेवला आहे?"

"तळहात खोटं बोलते भाऊ," ती म्हणाली. "काम करून करून तो निबर झाला. कोपराले कोणी कामाले लावत नाही, म्हणून ते खरं सांगते."

"आणि थर्मामीटर?"

"तोही खरंच सांगते. पण त्याले विचाराले चष्मा लागते मले."

तुमच्याही कचेरीत, कारखान्यात अशी माणसं असतील. नाव मागं पडतं आणि एखादी लकब तेवढी लक्षात राहते. हिचं नाव मी विसरलेलो नाही, पण इथं लिहिणार नाही. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो, तेवढं पुरे आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात नंदनवनच्या पुढं तेव्हा सगळी शेतं होती. तिथं एका शेठनं यीस्टचा लहानसा कारखाना टाकला होता. यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं खमीर. साखर कारखान्याची मळी पाण्यात पातळ करायची, मोठ्या टाकीत भरायची, त्यात खमीर सोडायचं आणि खालून सारखी हवा मारत राहायचं. खमीर जिवंत असतं. हवा मिळाली की ते वाढतं, नाही मिळाली की रुसतं आणि वाढायच्या ऐवजी दारू करत बसतं. दारूचा वास आला म्हणजे त्या दिवसाचा माल गेला.

ती हवा मारायचं यंत्र म्हणजे ब्लोअर माझ्या ताब्यात होता. माझा स्वभाव तेव्हाही तिरसट होता, आताही आहे. माझ्या ब्लोअरला कोणी हात लावला की माझं डोकं फिरायचं. आणि ही बाई आली, विज्ञानाची पदवी घेऊन, पंचविशीच्या आतली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं माझ्या ब्लोअरला हात घातला.

झालं असं. एप्रिल संपत आला होता. टाकीतून दारूचा वास यायला लागला. मी आपला ब्लोअर वाढवला. वास जाईना. मी आणखी वाढवला. पट्टा ओरडायला लागला, टाकीत नुसता फेस उसळत होता. बाई आली आणि तिनं सरळ व्हॉल्व्ह फिरवून हवा कमी केली.

"बाई, खमीर गुदमरून राहिलं आहे आणि तुम्ही हवा कमी करता?"

"हवा मारून काय फायदा? पाणी धरून कुठं राहिलं?"

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, गरम पाण्यात साखर लवकर विरघळते, मीठ विरघळतं, मग हवेनंच काय घोडं मारलं? बाई हसली. प्रयोगशाळेतल्या स्टोव्हवर तिनं पातेल्यात पाणी ठेवलं. पाणी उकळायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटले.

"आईच्या चुलीपाशी बसून हे पाहिलं आहे ना तुम्ही? हे काय आहे?"

"वाफ."

"वाफ एवढ्यात कुठून येईल? ही पाण्यातली हवा आहे भाऊ. पाणी तापलं की हवा निघून चालली. साखर गरम पाण्यात विरते, हवा गरम पाण्यातून पळते. आता तुम्ही म्हणाल, गरम पाण्यात हवा शिरते तर लवकर. शिरते, खोटं नाही. पण पाहुणा धावत आला आणि घरात बसाले जागाच नसली, तर तो काय करन? आल्या पावली परत. वरून खमिराले उन्हात भूक जास्त. त्याले हवा जास्त पाहिजे आणि पाण्यात आहे कमी. आधी गार करा, मग हवा द्या."

पातेलं मी आयुष्यभर पाहत आलो होतो आणि ते बुडबुडे कशाचे हे कधी मनात आलं नव्हतं. मी तोंडानं काही कबूल केलं नाही. पण त्यानंतर तिनं व्हॉल्व्हला हात लावला तर मी बोलत नसे.

ती आणखी एक गंमत दाखवायची. काचेच्या बुचाच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरायचं, त्यात दोन रासायनिक दवांचे थेंब सोडायचे आणि बाटली हलवायची. पाण्यात हवा असली तर तळाशी तपकिरी साका बसायचा. हवा नसली तर साका पांढरा. जितका तपकिरी तितकी हवा. बाई बाटली उजेडात धरून आम्हाला दाखवायची आणि लहान पोरीसारखी खूश व्हायची.

कारखान्याच्या भिंतीला लागूनच तिची वस्ती होती. पंचवीस-तीस घरं, दीक्षेच्या साली बुद्धाच्या मार्गाला लागलेली. कारखान्यातली निम्मी माणसं तिथलीच. दुपारच्या सुट्टीत मी कधीमधी तिच्या घरी चहाला जाई. तिचे वडील ओसरीत बसलेले असत, उंच, हाडकुळे, खोल आवाजाचे. मी त्यांना बाबाजी म्हणे. त्यांचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी विहिरीवर येऊन थांबायचं.

ती विहीर वस्तीनं स्वतः खणली होती. पलीकडे आमच्या गावात जुनी विहीर होती, तिथं आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरचं पाणी. वस्तीतल्या बायांना तिथं लांब उभं राहावं लागे. कोणी वरून ओतलं तर घ्यायचं, नाही ओतलं तर थांबायचं. दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबाजींनी पहार उचलली. माणसं दिवसा मजुरीला जात आणि संध्याकाळी खणत. खडक लागला तेव्हा बायांनी सोनं नाणं नव्हतं तर भांडी मोडून सुरुंगाला पैसे दिले म्हणतात. पाणी लागलं त्या दिवशी पहिली बादली बाबाजींनी काढली आणि पहिला घोट पोरीला पाजला. पोर म्हणजे हीच.

"त्या दिवसापासून गावच्या विहिरीचा थेंब नाही घेतला," बाबाजी सांगत. "मरन, पण घेणार नाही."

विहिरीत त्यांनी मासे सोडले होते. पाण्यातले किडे मासे खातात, पाणी साफ राहतं, ही आपल्याकडची जुनी रीत. बाया बादली सोडायच्या आधी खाली डोकावून पाहत. काळी पाठ इकडून तिकडे गेलेली दिसली की पाणी चांगलं. वस्तीला दुसरी परीक्षा माहीत नव्हती आणि इतक्या वर्षांत गरजही पडली नव्हती. येता-जाता पोळीचा तुकडा टाकत. एका म्हाताऱ्या माशाशी तर बाबाजी तासन् तास बोलत. मी बाईला म्हटलं, तुमचे बाबा माझ्याशी कमी आणि माशाशी जास्त बोलतात. ती म्हणाली, "मासा मध्ये बोलत नाही ना."

आता मूळ गोष्टीकडे येतो. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. टाकीच्या आत लोखंडी नळीची वेटोळी होती. त्या नळीतून गार पाणी फिरवायचं, म्हणजे खमिराची ऊब निघून जायची. पण मे महिन्यात गार पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल असं. म्हणून दर उन्हाळ्यात कारखाना बंद राही आणि माणसं बिनपगारी घरी बसत. त्या वर्षी शेठनं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं की, हे आता परवडत नाही, यंदा उन्हाळ्यात माल निघाला तर ठीक, नाही तर सगळी यंत्रं नाशिकला हलवतो, तिथं हवा थंड आहे.

शेठ गेल्यावर सगळे बाईकडे पाहायला लागले. जसं काही ऊन तिच्याच हातात होतं.

तिनं काय काय नाही केलं. टाकीभोवती वाळ्याचे पडदे बांधले, आपण खिडकीला बांधतो तसे, आणि त्यांच्यावर पाणी शिंपडायला माणूस बसवला. सगळ्या कारखान्याला सुगंध सुटला, खमिराला काही फरक पडला नाही. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या टाकीपर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या होत. शेवटी एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"भाऊ, आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही गार राहते."

"आणि वस्ती काय पिईल?"

"एक थेंब घेणार नाही. नळीतून फिरवून परत विहिरीतच सोडू. खमिराले ते पाणी शिवतही नाही. गेलं तितकं परत."

मला पटलं. खरं सांगतो, तुम्हालाही पटलं असतं.

संध्याकाळी विहिरीपाशी वस्ती जमली. बाईनं जमिनीवर काडीनं नळी काढून दाखवली. बायांची एकच धास्ती होती, पाणी कमी होईल. उन्हाळ्यात तसंही ते तळाला जातं. बाईनं विहिरीच्या आतल्या दगडावर चुन्याची रेघ मारली आणि म्हणाली, "ही रेघ पाहत जा. याच्या खाली पाणी गेलं तर मीच पंप बंद करीन."

बाबाजी उठले. "माही पोरगी बोलली ना? झालं मग."

पाइप मीच टाकला. पंप बसला. आणि खमीर असं वाढलं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. टाकीत पांढरीशुभ्र साय, वास ताज्या पावाचा. ब्लोअर निम्म्या जोरावर चालायचा तरी पुरायचा. शेठनं संत्रा बर्फी वाटली. नाशिकचं नाव कोणी काढेना. वस्तीतल्या बाया रोज सकाळी विहिरीत डोकावून चुन्याची रेघ पाहत. पाणी रेघेला लागून होतं, बोटभरसुद्धा खाली नाही. एक म्हातारी तर बाईच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "शिकली ते कामी आलं वं माय." बाई लाजली. तिला तेवढं खूश मी आधी पाहिलं नाही आणि नंतर तर नाहीच.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. टाकी पुन्हा थोडी थोडी तापायला लागली. बाईला वाटलं, नळीत क्षार बसला असेल. आम्ही नळी धुतली. ती मला म्हणाली, "भाऊ, जरा हवा वाढवा." तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं म्हणून मी चिडवलंही, "आता पाहुण्याले जागा झाली का?" ती हसली नाही. टाकीच्याच मागं लागली होती. टाकीत थर्मामीटर, नळीत थर्मामीटर. विहिरीकडे तिनं पाहिलं ते फक्त रेघ पाहण्यापुरतं. तिनं शब्द दिला होता तो पाण्याच्या उंचीचा. सगळी वस्ती तीच पाहत होती, मीही तीच पाहत होतो.

वस्तीतल्या एका मावशीनं बोलूनही दाखवलं होतं, "पाणी कोमट लागून राहिलं वं." बाई घाईत होती. "ऊन किती आहे मावशी," म्हणून पुढं गेली.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पंपाचं बघायला विहिरीवर गेलो. काठावर बाबाजी बसले होते, मांडीवर पोळी. मजेत दिसत होते.

"ये वं माय, पाह्य. आज सगळे वर आले. भुका लागल्या त्याहिले. सकाळपासून मागून राहिले."

खाली सगळे मासे पाण्याच्या अगदी वर आले होते. तोंड पाण्याबाहेर काढून उघडत होते, मिटत होते, उघडत होते. म्हातारा मासाही त्यात होता. बाबाजी पोळीचे तुकडे टाकत होते आणि तुकडे तसेच तरंगत होते. एकही मासा खात नव्हता.

बाईनं बादली सोडली, ओढली, बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं भोवळ आली. खांद्याला धरायला मी हात पुढं केला तर ती पळत सुटली. प्रयोगशाळेतून बाटली घेऊन आली, तिथंच उकिडवी बसून पाणी भरलं, दवा सोडली, बाटली हलवली. साका बसायला वेळ लागतो. आम्ही तिघं त्या बाटलीकडे पाहत राहिलो.

साका पांढरा बसला.

गेलं तितकं पाणी परत येत होतं, यात खोटं काही नव्हतं. पण टाकीची सगळी ऊब घेऊन येत होतं. दिवसरात्र. गरम पाणी विहिरीत वरच्या अंगाला झाकणासारखं बसलं होतं, आणि विहिरीला ना वारा, ना वाहतं पाणी. एवढी मोठी विहीर आम्ही चुलीवरच्या पातेल्यासारखी तापवत आणली होती, आणि त्यातली हवा निघून चालली होती; उरलेली, भूक वाढलेले मासे आणि तळाचा गाळ संपवत होते. मला हे तिनं पुढं समजावून सांगितलं. त्या क्षणी ती पंपाच्या खोलीत गेली आणि खटका खाली ओढला.

मी म्हटलं, "बाई, टाकी भरलेली आहे."

"माहीत आहे मले."

तासाभरात कारखान्यात दारूचा वास सुटला.

मासे दुपारपर्यंत मेले. पांढरी पोटं वर करून पाण्यावर पडले. वस्ती विहिरीभोवती गोळा झाली. एकानं विचारलं, "कंपनीनं पाण्यात काय टाकलं?"

"काही नाही टाकलं जी," बाई म्हणाली.

"मग मासे कसे मेले?"

"पाण्यातली हवा गेली."

"हवा पाण्यात असते का? आमी अडाणी आहो म्हणून काही सांगते?"

तिनं पातेल्याची गोष्ट सांगितली, पाहुण्याची सांगितली, सगळी सांगितली. मला जी गोष्ट एका पातेल्यात पटली होती ती त्या दिवशी तिथं कोणाला पटली नाही. पटणार कशी? त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीची नळी विहिरीत होती आणि मासे मेलेले होते. ती खरं बोलत होती आणि खोटी पडत होती. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कोणाचा ते कळेना.

मेलेले मासे काढले तरी पाण्याला वास राहिला. संध्याकाळी वस्तीतल्या बाया घागरी घेऊन निघाल्या, आणि दुसरी जागा कुठं होती? गावच्या विहिरीवर आल्या. आमच्या विहिरीवर. आता कायदा होता, अडवलं कोणी नाही. पण "आधी आमचं होऊ द्या" म्हणणारे होतेच, आणि त्यांचं लवकर होईना. बाया लांब एका रांगेत उभ्या राहिल्या, माना खाली घालून. त्यांतल्या पोरींना तर हे उभं राहणं माहीतही नव्हतं, त्या आयांना विचारत होत्या, इतक्या लांब काहून? मी घरातून बाहेर येऊन चार शिव्या घातल्या, माझ्याच चुलतभावाला. त्यानं बायांना पाणी भरू दिलं. पण व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. बाई रस्त्याच्या पलीकडे उभी राहून पाहत होती. घागर तिच्या हातात नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. मी विहिरीवर गेलो तर तिथं ती बादली ओढत होती. पाणी वर काढायची आणि हात उंच करून, धार धरून, तेच पाणी परत विहिरीत ओतायची. पुन्हा बादली सोडायची, ओढायची, उंचावरून ओतायची. पाणी खाली आपटून फुटायचं, तेवढी हवा त्यात जायची. मी पाहताच ओळखलं. माझा ब्लोअर जे करतो ते ती दोन हातांनी करत होती, भर मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. येणारे-जाणारे पाहत आणि म्हणत, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी म्हटलं, "बाई, हे माझं काम आहे. ब्लोअरचा पाइप आणून टाकतो. दिवसभरात होईल."

"नको भाऊ. कंपनीचा पाइप लोकाइले आता या विहिरीत पाहवणार नाही."

मग मी काय करणार? दुसरा दोर आणला आणि पलीकडल्या बाजूला उभा राहून ओतायला लागलो. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, तिनं चिंधी बांधली. मी मनात म्हटलं, आता या तळहाताला पुष्कळ लागत असेल.

बाबाजी ओसरीत बसून पाहत होते. दोन दिवस ते पोरीशी बोलले नव्हते. गावच्या विहिरीचं पाणी घरात आलं होतं, ते त्यांनी तोंडाला लावलं नव्हतं. शेजारणी सांगत, म्हातारा टरबुजाच्या फोडीवर आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते काठीच्या आधारानं विहिरीवर आले. वस्तीतली माणसं मागं उभी होती. बाबाजींनी पोरीच्या हातातली बादली घेतली, लोटा बुडवला आणि सगळ्यांकडे तोंड करून तो लोटा पिऊन टाकला.

"बाबा, अजून वास आहे त्याले," ती म्हणाली.

"पहिला घोट तुले देल्ला होता," ते म्हणाले. "आता मी पेतो. तू काही टाकलं नाही, मले माहीत आहे."

ती रडली, तिथंच, जमिनीवर बसून. बाकी कोणी पुढं झालं नाही. थोडा वेळ थांबून माणसं पांगली.

शेठनं शब्द पाळला. पावसाळ्याच्या आधी यंत्रं नाशिकला गेली, माझा ब्लोअरही गेला. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागलो, वस्तीतली माणसं जिथं मिळालं तिथं मजुरीला गेली. त्यांनी तिला उघड दोष दिला नाही. तिच्या घरासमोरून जाताना बोलणं थांबवत, इतकंच. तिला चंद्रपूरकडे एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून जागा मिळाली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला बोलावलं. पाऊस होऊन गेला होता, विहीर भरली होती. तिच्याजवळ तेलाचा डबा होता, धुऊन घेतलेला, त्यात तलावावरून आणलेले बोटाएवढे मासे. तिनं बाटली भरली, दवा टाकली, उजेडात धरली. साका तपकिरी बसला, चांगला गडद. मला दाखवली. मग डबा विहिरीत अलगद कलता केला. मासे क्षणभर एका जागी थांबले आणि खाली गेले.

"जगतील," मी म्हटलं.

"मासे जगतील," ती म्हणाली.

ते जगले. मोठेही झाले. पण वस्ती त्या विहिरीवर परत आली नाही. नळ येईपर्यंत बाया गावच्याच विहिरीवर जात राहिल्या, आणि नळ आल्यावर प्रश्नच मिटला. बाबाजी तेवढे शेवटपर्यंत आपल्या विहिरीचं प्यायले. काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पाहून घ्या, जिते आहेत." लोक हो जी म्हणत आणि पुढं जात. ते गेले तेव्हा ती आली होती. माझी चुकामूक झाली. पुढं तिची बदली झाली, मग तिचा पत्ता कोणाजवळ राहिला नाही.

मागच्या मे महिन्यात मी त्या बाजूला गेलो होतो. कारखान्याच्या जागी घरं झाली आहेत. विहीर आहे, कठड्याला तडे गेलेत. चुन्याची रेघ पुसट का होईना, दिसते. पाण्यात एक मोठी काळी पाठ इकडून तिकडे गेली. दोराला बांधलेली जुनी बादली पडली होती, कोणी झाडांना पाणी घालत असेल. मी ती सोडली आणि ओढली. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी उगाच इकडे तिकडे पाहून मी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर बुडवलं.

पाणी गार होतं. तिला हे सांगायला हवं होतं, आणि ती कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.